लॅव्हिशली, ऑप्युलंटली की नुसतं कम्फर्टेबली? ऐषारामाचं इंग्रजी वर्णन करताना कुठलं क्रियाविशेषण कुठे लावायचं

होमस्टे तयार झाला, फोटो काढून झाले, दर ठरले, आणि मग बुकिंगच्या साइटवर इंग्रजीत दहा ओळी लिहायची वेळ आली की आपल्यातल्या बहुतेकांची गाडी 'लक्झुरियस' या एकाच शब्दावर येऊन अडते. रूम लक्झुरियस, बाथरूम लक्झुरियस, नाश्ता पण लक्झुरियस. वाचणाऱ्याला त्यातून काहीच दिसत नाही, कारण शेजारच्या गावातल्या वीस जणांनी तेच लिहिलेलं असतं. मी गेली काही वर्षं कोकणातल्या आणि गोव्यातल्या छोट्या घरांसाठी, रिसॉर्टसाठी असा मजकूर लिहिते, माझं स्वतःचं शिक्षण मराठी माध्यमातलं, त्यामुळे कुठे अडायला होतं ते मला चांगलं माहितीये. सगळ्यात जास्त अडतं ते क्रियाविशेषणांपाशी, म्हणजे ते शेवटी 'ली' लागणारे शब्द, लॅव्हिशली, सम्प्चुअसली, ऑप्युलंटली वगैरे. डिक्शनरी उघडली तर सगळ्यांच्या पुढे 'थाटात, ऐषारामात' असंच दिलेलं असतं, मग कुठला कुठे लावायचा हे कळणार कसं?

मला इतक्या वर्षांत जे कळलं ते असं, की यातल्या बऱ्याच शब्दांच्या पोटात एकेक वेगळी वस्तू आहे. कुठे पाणी, कुठे पैसा, कुठे मखमल. ती वस्तू एकदा दिसली की शब्द कुठे बसणार ते पण दिसतं. आता पायरी पायरीने सांगते.

पायरी १: आधी मराठीत विचार करा की नक्की काय आवडलं

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच आपण सोडून देतो. मराठीत आपण सगळ्याला 'लक्झरी' म्हणत नाही ना. खोली ऐसपैस असते. लग्न थाटामाटात होतं. पुरणपोळीवर तूप सढळ हाताने घातलं जातं. एखादा माणूस तबियतीने जेवतो. दागिन्यावरचं काम नाजूक असतं, आणि एखादं घर नुसतंच भपकेबाज असतं. हे सगळे वेगवेगळे अनुभव आहेत आणि इंग्रजीत पण यांना वेगवेगळे शब्द आहेत, म्हणून आधी कागदावर मराठीत एक शब्द लिहायचा.

ऐसपैस लिहिलंत तर इंग्रजीत 'जेनरसली साइझ्ड' किंवा 'जेनरसली प्रपोर्शन्ड'. सढळ हाताने असेल तर 'लिबरली' किंवा परत 'जेनरसली'. थाटात असेल तर 'लॅव्हिशली' नाहीतर 'ग्रँडली'. राजेशाही असेल तर 'ऑप्युलंटली'. नाजूक, नजाकतीचं काम असेल तर 'एक्स्क्विझिटली'. साधं पण रुचीने सजवलेलं असेल तर 'टेस्टफुली' किंवा 'एलिगंटली'. पावसाळ्यात पांघरूण घेऊन बसायची ऊब असेल तर 'कोझिली', 'स्नगली'. आणि भपका असेल तर 'ऑस्टेंटेशसली', हा शब्द स्वतःच्या घरासाठी अजिबात वापरायचा नाही, का ते पुढे येईलच.

पायरी २: शब्दाच्या पोटातली वस्तू ओळखा

लॅव्हिशली. जुन्या फ्रेंचमध्ये धो धो पावसाला जो शब्द होता तिथून 'लॅव्हिश' इंग्रजीत आला. म्हणजे ओतणं, हात न आखडता ओतणं. म्हणून जिथे एखादी गोष्ट ओतलेली दिसते तिथेच हा शब्द शोभतो, पैसा, सजावट, चित्रं, कौतुक. पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या राजवाड्यात चौदाव्या लुईने १६७८ ते १६८४ या काळात जो आरसेमहाल बांधून घेतला त्यात ३५७ आरसे आहेत, दालनाची लांबी सुमारे ७३ मीटर, वर छतभर चित्रं. तिथे 'लॅव्हिशली डेकोरेटेड' म्हणायला काहीच हरकत नाही, कारण खरंच पाऊस पडल्यासारखी सजावट आहे. आपल्या खोलीत एक पलंग, दोन खुर्च्या आणि भिंतीवर एक वारली चित्र असेल तर लॅव्हिशली कसं म्हणायचं?

सम्प्चुअसली. हा लॅटिनमधल्या 'खर्च' या शब्दावरून आला. युरोपात एकेकाळी 'सम्प्चुअरी लॉज' नावाचे कायदे होते, कोणी किती खर्चिक कपडे घालायचे यावर बंधनं. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीने १५७४ मध्ये असाच हुकूम काढला होता आणि त्यात जांभळं रेशीम राजघराण्यासाठी राखून ठेवलं होतं. हे लक्षात ठेवलं की शब्द विसरायला होत नाही, कारण आजही सम्प्चुअसली जास्त करून कापड आणि जेवण यांच्याजवळच सापडतो, जिथे खर्च डोळ्यांना दिसतो आणि जिभेला पण कळतो.

ऑप्युलंटली म्हणजे संपत्ती, तेही पिढ्यानपिढ्यांची असल्यासारखी. मला हा शब्द समजावून सांगायचा असला की मी बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस सांगते, तिसऱ्या सयाजीरावांनी बांधून घेतलेला, १८९० मध्ये पूर्ण झालेला, दरबार हॉलच्या खिडक्यांना बेल्जियमची रंगीत काच, खाली व्हेनिसच्या पद्धतीची मोझॅक फरशी आणि राजवाड्यात राजा रविवर्म्यांची चित्रं. 'ऑप्युलंटली फर्निश्ड' इथे म्हणावं. कुठलंही नवीन बांधलेलं रिसॉर्ट कितीही महाग असलं तरी त्याला ऑप्युलंटली म्हणताना मी स्वतः दोनदा विचार करते.

लक्झुरियसली याचं मूळ लॅटिनमध्ये 'अति' या अर्थाचं आहे पण आता तो शरीराला मिळणाऱ्या सुखाचा शब्द झालाय, मऊ, उबदार, पाय पसरायला जागा. 'लक्झुरियसली सॉफ्ट टॉवेल्स' छान वाटतं.

प्लशली मध्ये सरळ सरळ कापडच आहे. प्लश म्हणजे मखमलीसारखं, पण मखमलीपेक्षा लांब केसांचं कापड, लहान मुलांचे टेडी बनवतात ना त्या जातीचं. म्हणून सोफा, गालिचा, जाड पडदे, सिनेमाच्या खुर्च्या इथेच प्लशली. जेवण प्लशली नसतं, बाग पण नसते. शब्द तसा कमीच वापरात आहे, नाही आला तरी अडत नाही.

एक्स्क्विझिटली हा माझा सगळ्यात आवडता. मुळात अर्थ 'शोधून शोधून निवडलेलं'. पैठणीच्या पदरावरचा मोर जवळून बघा, एकेक रंगाचा धागा हाताने फिरवून विणलेला असतो, तिथे 'एक्स्क्विझिटली वोव्हन' लिहायचं. कोरीव लाकूड, जाळी, दागिने, भरतकाम, सगळीकडे चालतो, अट एकच की हाताचं बारीक काम पाहिजे.

आणि प्रोफ्युजली. याच्या पोटात पण ओतणंच आहे, पण सजावटीसाठी वापरू नका असं मी सांगेन. आपण रोजच्या वाचनात हा शब्द रक्तस्राव आणि घाम यांच्यासोबतच बघतो, 'ब्लीडिंग प्रोफ्युजली', 'स्वेटिंग प्रोफ्युजली', त्यामुळे 'रूम इज प्रोफ्युजली डेकोरेटेड' वाचून वाचणाऱ्याच्या मनात भलतंच येतं. आभार मात्र प्रोफ्युजली मानता येतात.

पायरी ३: जोडीदार तपासा

मराठीत आपण 'घनघोर जंगल' म्हणतो, 'घनघोर चहा' म्हणत नाही. चूक व्याकरणाची नाही, जोडी जमत नाही. इंग्रजीत पण तसंच आहे आणि इथे मला पूर्वी चांगलाच फटका बसलाय. सुरुवातीच्या काळात एका रिसॉर्टच्या माहितीपत्रकात मी 'लक्झुरियंटली फर्निश्ड कॉटेजेस' असं लिहिलं. लक्झुरियसली आणि लक्झुरियंटली एकच असं मला वाटायचं. माहितीपत्रक छापून झालं, आणि मग मालकांच्या मुलीने, ती इंग्रजी शिकवते, मला बाजूला घेऊन सांगितलं की ताई, लक्झुरियंट म्हणजे दाट वाढलेलं, केस, वेली, पावसाळ्यातलं रान. फर्निचरला कसं लावणार? ती छपाई मी माझ्या पैशाने परत करून दिली. तेव्हापासून एक सवय लावून घेतलीये, शब्द पक्का माहीत असला तरी जोडी तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तपासायचं कसं? शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी घ्या, ऑक्सफर्ड लर्नर्स किंवा कॉलिन्स कोबिल्ड. कोबिल्ड पहिल्यांदा १९८७ मध्ये निघाली, बर्मिंगहॅम विद्यापीठात खऱ्या वापरातल्या इंग्रजीचा मोठा साठा जमवून त्यावरून केलेली, त्यामुळे तिच्यातली उदाहरणं कामाची असतात. अर्थ वाचून थांबायचं नाही, खालची उदाहरणाची वाक्यं वाचायची. दुसरा उपाय, गूगलमध्ये पूर्ण जोडी अवतरण चिन्हात टाकून शोधायची आणि चांगली वर्तमानपत्रं, मोठी हॉटेलं यांच्याकडे ती येते का ते बघायचं.

नेहमी लागणाऱ्या काही जोड्या इथेच देऊन ठेवते. खोलीसाठी 'एलिगंटली फर्निश्ड', 'टेस्टफुली डेकोरेटेड', 'लक्झुरियसली अपॉइंटेड'. या अपॉइंटेडचा नेमणुकीशी संबंध नाही बरं का, सोयींनी सज्ज असा अर्थ आहे. गालिचा 'थिकली कार्पेटेड'. कापड 'रिचली एम्ब्रॉयडर्ड'. स्वच्छतेसाठी 'इम्पेकेबली क्लीन', 'इम्पेकेबली केप्ट', आणि माझं ऐकाल तर होमस्टेवाल्यांनी बाकी सगळं सोडून हे एक जरूर लिहावं, खरं असेल तर, कारण पाहुणा सगळ्यात आधी तेच बघतो. मासळीच्या कालवणावर, मोदकाच्या सारणात, कोशिंबिरीवर खोबरं असेल तर 'लिबरली टॉप्ड', 'जेनरसली फिल्ड'. चॉकलेट केक असेल तर 'सिनफुली रिच' किंवा 'डेकडंटली रिच'. हा डेकडंट मुळात ऱ्हासाचा शब्द, पण गोडाच्या बाबतीत इंग्रजी माणसाने तो लाडाने वापरायला सुरुवात केली आणि आता तिथे तो चांगल्या अर्थानेच वाचला जातो. उकडीच्या मोदकाला मात्र डेकडंट म्हणू नये असं मला मनापासून वाटतं, तो नैवेद्य आहे.

पायरी ४: वाक्यात जागा

मराठी बोलणाऱ्यांची इथे एक ठरलेली चूक होते. आपल्याकडे क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी येतं, 'ते थाटात राहतात'. तसंच उचलून आपण 'दे लक्झुरियसली लिव्ह' लिहितो. इंग्रजीत साध्या क्रियापदाच्या नंतर येतं, 'दे लिव्ह लक्झुरियसली'. आणि कर्म असेल तर कर्माच्या पण नंतर, 'दे स्पेंट मनी लॅव्हिशली', मध्ये घुसवायचं नाही. 'ऑन' लागत असेल तर मात्र त्याच्या आधी, 'दे स्पेंट लॅव्हिशली ऑन द वेडिंग'.

पण सजवलेली, विणलेली, भरलेली असं विशेषणासारखं रूप असलं की आपलीच सवय कामाला येते. 'सुंदर सजवलेली खोली' मध्ये सुंदर आधी, 'ब्युटिफुली डेकोरेटेड रूम' मध्ये ब्युटिफुली पण आधी. आणि विशेषणाआधी लावायचं असेल तरी तसंच, 'वंडरफुली सॉफ्ट', 'ब्लिसफुली क्वाएट'. हे एवढं लक्षात राहिलं तरी बहुतेक वाक्यं सुटतात.

हायफनचं पण सांगून टाकते कारण फार दिसतं. 'ली' वाल्या शब्दानंतर हायफन द्यायचा नसतो, लॅव्हिशली फर्निश्ड रूम, मध्ये काही नाही. 'वेल-अपॉइंटेड रूम' मध्ये मात्र हायफन येतो कारण तिथे 'वेल' आहे, 'ली' नाही.

पायरी ५: फसवे 'ली'

प्रिन्सली, स्टेटली, कॉस्टली हे ऐकायला क्रियाविशेषण वाटतात पण विशेषणं आहेत. 'प्रिन्सली सम' म्हणजे घसघशीत रक्कम, बरोबर. 'प्रिन्सली फर्निश्ड' चूक. 'कॉस्टली ड्रेस्ड' पण चूक, तिथे 'एक्स्पेन्सिव्हली ड्रेस्ड'. लेझरली पण जवळजवळ सगळीकडे विशेषण म्हणूनच येतो, 'लेझरली ब्रेकफस्ट' म्हणजे निवांत नाश्ता, हा फार गोड शब्द आहे आणि होमस्टेच्या मजकुरात चपखल बसतो.

रॉयली जपून वापरा. 'वी वेअर एंटरटेन्ड रॉयली' म्हणजे आमची बडदास्त ठेवली, ठीक, पण बोलीभाषेत 'रॉयली' चा अर्थ 'पुरता, पार' असा पण होतो आणि तो बहुतेक वेळा वाईट गोष्टींबरोबर येतो. रिचली डिझर्व्ह्ड, म्हणजे पुरेपूर लायकीचं, याचं पण तसंच, बक्षीस आणि शिक्षा दोन्ही रिचली डिझर्व्ह्ड असू शकतात.

पायरी ६: माप बघा, आणि टोचणारे शब्द बाजूला काढा

दोन गाड्या घ्या. डेक्कन क्वीन, १ जून १९३० पासून मुंबई-पुणे धावतेय, तिच्यात डायनिंग कार, टेबलावर बसून ऑम्लेट खायचं. आणि डेक्कन ओडिसी, २००४ मध्ये सुरू झालेली पर्यटकांची गाडी, झोपायच्या केबिन, जेवणाचे वेगळे डबे, स्पा. पहिलीतला प्रवासी 'कम्फर्टेबली सीटेड' आहे, दुसरीतल्या केबिन 'लक्झुरियसली फिटेड' आहेत. डेक्कन क्वीनला लक्झुरियसली म्हटलं तर खोटं होईल, आणि ओडिसीला नुसतं कम्फर्टेबली म्हटलं तर एवढे पैसे देणाऱ्याला वाटेल की मग हे कशाला. कम्फर्टेबली हा शब्द लहान समजू नका मात्र. 'द हाउस स्लीप्स सिक्स कम्फर्टेबली' म्हणजे सहा जण दाटीवाटी न करता झोपू शकतात, कुटुंब घेऊन येणाऱ्याला हीच माहिती पाहिजे असते.

टोचणारे शब्द म्हणजे ऑस्टेंटेशसली, गॉडिली, आणि बऱ्याचदा एक्स्ट्रॅव्हॅगंटली. ऑस्टेंटेशसली म्हणजे लोकांना दाखवण्यासाठी केलेलं, गॉडिली म्हणजे भडक. एक्स्ट्रॅव्हॅगंटचा मूळ अर्थ हद्दीबाहेर भटकणं, म्हणून त्यात उधळेपणाचा वास राहतोच. दुसऱ्याच्या लग्नाचं वर्णन करताना हे शब्द टीका म्हणून वापरता येतात, पण मी माझ्या एका क्लायंटच्या जुन्या पत्रकात 'ऑस्टेंटेशसली डिझाइन्ड लॉबी' छापलेलं बघितलंय, कोणीतरी समानार्थी शब्दांच्या यादीतून उचललेलं. अशा यादीत पंधरा शब्द एका रांगेत असतात आणि त्यातले चार शिवी असतात.

पायरी ७: खऱ्या घरावर करून बघू

गुहागरच्या बाजूला एका काकूंचं घर आहे. त्यांचं लिस्टिंग लिहायला गेले तर काकू म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे एसी पण नाही, तू लक्झरी काय लिहिणार?" मी म्हटलं, काकू, आधी मला चहा द्या आणि मी जरा बसते. दुपारची वेळ होती. पडवीत सागवानी झोपाळा, पितळी कड्या घासून लख्ख केलेल्या. आत लाल कोब्याची जमीन, बाहेरून उन्हातून आल्यावर त्यावर अनवाणी पाय ठेवला की गारवा थेट वरपर्यंत चढतो. मागे पोफळीची बाग, पाटाचं पाणी, बाकी आवाज नाही. खोली मोठी, पलंग दोन, पांढऱ्या सुती चादरी उन्हात वाळवलेल्या.

त्यांच्या मुलाने आधी लिहून ठेवलेलं वाक्य असं होतं: 'व्हेरी लक्झुरियसली डेकोरेटेड रूम विथ ऑल लॅव्हिश फॅसिलिटीज.' यातलं एकही अक्षर त्या घराबद्दल नव्हतं.

मग आम्ही पहिल्या पायरीप्रमाणे मराठी शब्द काढले, काकूंनीच सांगितले. खोली, ऐसपैस. जमीन, गारेगार. दुपार, निवांत. चादरी, स्वच्छ. ऐसपैसला 'जेनरसली साइझ्ड' मिळाला. गारेगारसाठी थोडा विचार केला, 'व्हेरी कूल' अगदीच कोरडं, मग 'डिलिशसली कूल' घेतलं, डिलिशसली फक्त चवीसाठी नसतो, उन्हातून आल्यावर मिळणाऱ्या गारव्यासाठी इंग्रजीत तो सहज वापरतात. दुपारच्या शांततेला 'ब्लिसफुली क्वाएट'. चादरींना 'इम्पेकेबली क्लीन' लावणार होते पण काकू म्हणाल्या, "उन्हात वाळवलेल्या असं लिही ना, सगळ्यांना कळेल." बरोबर होतं त्यांचं. 'सन-ड्राइड कॉटन शीट्स' लिहिलं आणि क्रियाविशेषण काढून टाकलं. झोपाळ्याला पण काही लावलं नाही, सागवानी झोपाळा म्हटलं की पुरे.

शेवटी झालं ते असं: 'अ जेनरसली साइझ्ड रूम विथ अ डिलिशसली कूल रेड फ्लोअर, सन-ड्राइड कॉटन शीट्स अँड अ टीक स्विंग ऑन द व्हरांडा. आफ्टरनून्स हिअर आर ब्लिसफुली क्वाएट.' दोन वाक्यांत तीन क्रियाविशेषणं, प्रत्येकाचं काम वेगळं. साधारण एका वाक्यात दोनच्या वर मी जात नाही, तिसरं आलं की पहिल्या दोघांचा जोर जातो. आणि 'व्हेरी' यातल्या कशाच्याच आधी लावू नका, व्हेरी एक्स्क्विझिटली म्हणजे आपल्याकडच्या 'खूप अप्रतिम' सारखं होतं.

पायरी ८: मोठ्याने वाचा, उच्चारासकट

फोनवर पाहुण्याशी बोलताना हेच शब्द तोंडातून निघणार आहेत म्हणून उच्चार पण बघून ठेवा. प्लश हा 'रश' सारखा, 'प्लूश' नाही. ऑप्युलंटली मध्ये जोर पहिल्या 'ऑ' वर. सम्प्चुअसली मधला 'प' ओठ मिटून हलकासा येतो, वेगळा ठासून म्हणायचा नाही. लक्झरी म्हणताना 'लक्शरी' च्या जवळ, पण लक्झुरियसली म्हणताना 'लग्झुरिअसली', जोर दुसऱ्या अक्षरावर जातो. स्पेलिंगमध्ये कोझीचा शेवटचा वाय जाऊन आय येतो आणि मग 'ली', ब्रिटिश पद्धतीत मध्ये एस, अमेरिकन पद्धतीत झेड, एका मजकुरात दोन्ही नको. कम्फर्टेबलचा शेवटचा ई जाऊन तिथे वाय येतो, 'कम्फर्टेबलली' असं काही नसतं.

काकूंना मी ती दोन वाक्यं पाच-सहा वेळा म्हणून दाखवली. 'ब्लिसफुली' ला त्या जरा अडखळल्या, मग झोपाळ्यावर बसून पायाने हलका झोका देत त्यांनी ते स्वतःशीच दोनदा म्हटलं, आणि संध्याकाळी पुण्याहून एका पाहुण्याचा फोन आला तेव्हा आतून मला त्यांचा आवाज ऐकू आला, "येस येस, आफ्टरनून्स आर ब्लिसफुली क्वाएट, यू कम अँड सी."